विस्तव घेऊन जाणारी भिवरा

डोंगराच्या पाठीला लागून धुकेवाडी नावाचं गाव होतं. ऊन तिथे सगळ्यात शेवटी पोचायचं आणि सगळ्यात आधी निघून जायचं. पौष लागला की धुकं ओढ्यातून वर यायचं, कौलांवर बसायचं आणि दुपार झाली तरी हलायचं नाव घ्यायचं नाही. अशा गावात परी कशाला येईल, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं असतं. पण आली होती खरी, आणि का आली तेच सांगायला बसलेय.

गावातली तरणी माणसं डोंगर ओलांडून कामाला गेली होती. कुणी सणाला परत यायचं, कुणाचा नुसता निरोप यायचा, कुणाचा तोही नाही. ज्यांचं कुणीच यायचं नाही असे म्हातारे ओढ्यापलीकडच्या आळीत एकेकटे राहायचे. त्यांच्या हातांत बळ उरलं नव्हतं आणि डब्यांत दाणा नव्हता.

गाव गरीब होतं, पण कद्रू नव्हतं. रोज सकाळी जात्यावर बसण्याआधी घराघरातली बाई मूठभर नाचणी दाराजवळच्या मडक्यात टाकायची. ती मूठ म्हाताऱ्यांची. कृष्णाकाकू नावाची एक ठसठशीत बाई घरोघरची मूठ गोळा करायची आणि चावडीपुढच्या मोठ्या चुलीवर पेज रटरटत ठेवायची. संध्याकाळ झाली की ती पेज ओढ्यापलीकडे जायची, आणि पेजेबरोबर जायचा विस्तव.

विस्तव कशाला, असं विचाराल. काडेपेटी त्या गावाने पाहिलेली नव्हती. गारगोटीवर गारगोटी घासून ठिणगी पाडायची म्हटलं, तर थरथरत्या हातांना ते कुठलं जमायला! दिवसभर चूल पेटती ठेवावी इतकी लाकडं कुणाकडेच नव्हती. म्हणून संध्याकाळी ताजे निखारे घरोघर पोचवायचे. म्हातारी माणसं त्यावर ऊब घ्यायची, उरलेले निखारे राखेत पुरून ठेवायची आणि सकाळी फुंकर घालून चूल पेटवायची.

आणि सकाळी गाव उठलं की तोंड धुताधुता सगळे ओढ्यापलीकडे बघायचे. कुणाच्या छपरातून धूर निघाला, कुणाच्या नाही. ज्याला एखादं छप्पर बिनधुराचं दिसेल, त्याने हातातलं काम टाकून तिकडे पळायचं. कधी नुसतीच झोप लागलेली असायची, कधी कुणी तापाने फणफणलेलं असायचं. धूर दिसला की गावाचा जीव भांड्यात पडायचा.

हा विस्तव पोचवायचं काम होतं भिवराचं. भिवरा एवढीशी होती, काटकुळी, नाकाचा शेंडा कायम लाल. आई तापात गेली होती. बाबा डोंगरापलीकडे गेला तो गेलाच. ती जेवायची कृष्णाकाकूकडे, पण झोपायला मात्र आपल्या घरीच जायची. गावाच्या टोकाला, ओढ्याच्या काठावर तिचं इवलंसं घर होतं.

"अगं, ऱ्हा की हितंच," कृष्णाकाकू म्हणायची.

"नको काकू. बाबा आला आन् घराला कडी दिसली, तर तो मागं फिरंल," भिवरा सांगायची. त्यावर काकू तिच्या ताटात आणखी एक डाव पेज वाढायची.

*

त्या संध्याकाळीही भिवरा निघाली. एका हातात पेजेची कासंडी, दुसऱ्या हातात विस्तवाची टोपली. हिरव्या बांबूची, आतून ओल्या मातीने लिंपलेली ही चिमुकली टोपली तिला पलीकडच्या आळीतल्या राघूआबांनी विणून दिली होती. झाकणाच्या फटींतून निखारे लाललाल डोळे मिचकावायचे. कडीला हात भाजायचा आणि पाय थंडीने बधिर व्हायचे. तिच्या बोटांची टोकं नेहमीच काळवंडलेली असायची.

पहिलं घर येसूआजीचं. येसूआजी सुईण होती. निम्मं गाव तिने स्वतःच्या हातांनी या जगात आणलं होतं, त्यामुळे कुणालाही बोलायचा तिला हक्क होता आणि तो ती मनसोक्त वापरायची.

"आलीस का गं?" आतून आवाज आला. "का मधीच चिंचा पाडीत बसली व्हतीस?"

"चिंचा कुठल्या दिसत्यात आजी, आज धुकंच लई हाय," भिवरा हसली आणि चिमट्याने निखारे चुलीत ठेवू लागली.

"माझ्याम्होरं बोलतीस? मी तुला उलटी धरून पाठीत धपाटा घातला तवा पयला श्वास घेतलास तू. ठाऊक हाय न्हवं?" येसूआजी म्हणाली आणि कनवटीची सुपारी फोडून तिचा बारीकसा तुकडा भिवराच्या तळव्यावर ठेवला.

मग गोदाआजी. तिला ऐकू यायचं नाही, त्यामुळे ती स्वतः ओरडून बोलायची. "आलीस का गं!" असं ती म्हणाली की आळीतली कुत्री उठून बसायची. भिवरा तिचे पाय थोडा वेळ शेकून द्यायची.

शेवटचं घर रानाच्या कडेचं, राघूआबांचं. आबांच्या डोळ्यांत सारा पडून दिसेनासं झालं होतं, पण बोटांना सगळं दिसायचं. ते पायरव ओळखायचे. भिवरा अजून कुंपणापाशी असतानाच ते म्हणायचे, "आलीस का गं, माय?" त्यांची बोटं बांबूच्या कांबींवरून फिरत राहायची आणि भिवरा समोर बसून गावातलं काय काय सांगायची. कुणाची गाय व्याली, कुणाचं छप्पर गळतं, कृष्णाकाकू कुणावर खेकसली. आबांना ऐकायला सगळंच आवडायचं.

उठताना टोपलीत एकच निखारा उरायचा. तो भिवराच्या घरचा. आपल्या दाराशी ती पोचायची तेव्हा आत अंधार असायचा आणि "आलीस का गं?" असं म्हणणारं कुणी नसायचं. रोज सगळ्या दारांत ऐकून आल्यावर ते जास्तच जाणवायचं. ती मुकाट्याने चूल पेटवायची आणि दाराकडे तोंड करून झोपायची.

*

त्या दिवशी मात्र राघूआबांकडून निघताना तिला रानाच्या बाजूने बारीकसं मुसमुसणं ऐकू आलं. कोरांटीच्या दाट जाळीतून ते येत होतं. पिवळ्या आणि निळ्या फुलांनी ती जाळी लगडली होती, आणि फुलाफुलावर दवाचे टपोरे मणी होते.

भिवराने वाकून पाहिलं. काट्यांच्या मधोमध कणसाएवढी एक परी अंग आक्रसून बसली होती. तिचे नाजूक पंख दवाने भिजून एकमेकांना चिकटले होते. झगा निम्मा हळदीसारखा पिवळा होता आणि निम्मा गोकर्णासारखा निळा, पण रंग सगळे फिकटले होते. छातीशी तिने चिमुकला दिवा धरला होता आणि तो विझला होता.

"मी कोरांटीची परी," ती कापऱ्या आवाजात म्हणाली. "थंडीत फुलणाऱ्या फुलांना मी जागं ठेवते. पण आज थंडीनं माझाच दिवा विझवला. आता मीही विझेन."

भिवराने टोपलीकडे पाहिलं. आत एकच निखारा होता. तो दिला तर आजची रात्र गारठ्यात काढायची, हे तिला पक्कं कळत होतं. तिने थोडा वेळ ओठ चावला. मग झाकण काढलं, चिमट्याने निखारा उचलला आणि परीपुढे अलगद ठेवला.

परीने ओंजळ पुढे केली. निखारा फुलला, दिव्याची वात पेटली, आणि काय सांगू तुम्हाला! पंख सुटे झाले, त्यांच्यावर सोनेरी, शेंदरी, मोरपंखी झाक चढली. जाळीतला दवाचा प्रत्येक मणी झगमगू लागला. धुक्यात एवढ्याशा जागेत जणू सणच उतरला.

"भिवरा, तू मला निखारा दिलास. मी तुला दोन वर देते," परी म्हणाली. "पण नियम आहेत हं, नीट ऐक. पहिला वर दुसऱ्यांसाठी मागायचा. दुसरा स्वतःसाठी, पण त्याला पौषातल्या पुनवेपर्यंत थांबायचं. चंद्र डोंगराच्या खांद्यावर आला की इथे यायचं. आणि दिलेला वर तुला परत करता येईल. मात्र पहिला परत केलास, तर दुसराही त्याच्याबरोबर जातो."

"दुसऱ्या वरात वाट चुकल्याल्या माणसाला घरी आणता येतं?" भिवराने हळूच विचारलं.

"येतं."

भिवराच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. पहिला वर मागायला तिला विचार करावा लागला नाही. "आमच्या पलीकडच्या आळीतल्या कुणाचीबी चूल कधी विझू नये," ती म्हणाली. "आन् चुलीवरचं मडकं कधी रिकामं व्हऊ नये."

"तथास्तु," परी म्हणाली आणि तिचा प्रकाश एका निळ्या कळीत शिरून मिटला.

*

सकाळी धुकेवाडीत एकच गलबला झाला. ओढ्यापलीकडच्या झाडून सगळ्या छपरांतून धुराच्या सरळ, पांढऱ्याशुभ्र रेघा वर चालल्या होत्या. आत जाऊन बघावं तर चुली लाकडांवाचून ढणढणत होत्या आणि मडक्यांत पेज काठोकाठ भरलेली. उपसली की पुन्हा भरायची.

गोदाआजी आनंदाने इतकी ओरडली की डोंगराने तिला ओ दिली. कृष्णाकाकूने चावडीपुढची चूल सारवून स्वच्छ केली आणि कितीतरी वर्षांनी दुपारची पाठ टेकली. घराघरातली मूठ घरातच राहू लागली. कुणाला दोष देऊ नका. ज्याच्या घरात नेहमी थोडं कमीच पडतं, त्याला एक मूठ वाचली तर बरंच वाटतं.

भिवरा पहिले काही दिवस संध्याकाळी सवयीने जायची. पण हातात ना कासंडी, ना टोपली. दारात उभं राहून करायचं काय? येसूआजी म्हणायची, "आता कशाला पाय मोडतीस? हाय की समदं." म्हणायची तसं, पण सुपारीचा तुकडा फोडून ठेवलेला असायचा. भिवराला तो दिसायचा, आणि तरी तिच्या ते ध्यानात आलं नाही. लहान होती ती.

मग गावातल्या मुलींनी तिला खेळायला बोलावलं. सागरगोटे, फुगड्या, लंगडी. भिवरा कधी कुणात खेळलीच नव्हती, आणि खेळायला लागल्यावर तिला संध्याकाळ पुरेना. बोटांवरचे काळे डाग गेले. राघूआबांकडे उद्या जाऊ, असं तिने ठरवलं. मग त्याच्या उद्या. सकाळी तोंड धुताना ती ओढ्यापलीकडे बघायची. आबांच्या छपरातून धूर निघताना दिसायचा, आणि तिचा जीव भांड्यात पडायचा.

सगळं गाव तसंच बघायचं. धूर दिसतोय, म्हणजे सगळं ठीक आहे.

*

पुनव जवळ आली तशी भिवरा घर आवरायला लागली. बाबा येणार होता. तिने भिंती सारवल्या, कोपऱ्यातली घोंगडी झटकली. बाबाची भाकरी ठेवायला एक नवी टोपली हवी, असं तिच्या मनात आलं आणि ती दुपारीच ओढा ओलांडून राघूआबांकडे निघाली.

कुंपणापाशी ती मुद्दाम पाय वाजवत चालली. आतून हाक आली नाही.

दार लोटलं तर चूल आनंदाने जळत होती. मडक्यातली पेज काठापर्यंत होती आणि तिला कुणी हात लावलेला नव्हता. आबा दाराजवळ जमिनीवर आडवे होते. पाण्याचा तांब्या त्यांच्या हातापासून गडगडत लांब गेला होता आणि जमिनीवर सांडून सुकलेल्या पाण्याचा डाग उरला होता. भिवराने त्यांच्या पायांना हात लावला. चूल गरम होती, आबा गार होते.

त्यांच्या उशाशी एक टोपली अर्धवट विणलेली होती. विस्तवाचीच होती ती, जुनीपेक्षा थोडी मोठी. कडीला त्यांनी चिंध्या गुंडाळल्या होत्या, भिवराचा हात भाजू नये म्हणून.

गाव जमलं. जो तो एकच म्हणत होता, "पण धूर तर येत व्हता! आज सकाळीबी येत व्हता की!" आबांना जाऊन किती वेळ झाला होता, ते कुणालाच सांगता येईना.

येसूआजी काठी टेकत टेकत आली. तिने आबांचे डोळे मिटले, त्यांच्या तोंडात पाण्याचा थेंब सोडला आणि मग सगळ्यांकडे वळली.

"धूर येत व्हता म्हणं! धुराला काय ठावं कोण पडलंय न् कोण बसलंय! मरान चुकलं नसतं म्हाताऱ्याचं, वय झालं व्हतं. पर पानी पाजाया कुनीतरी असतं."

कृष्णाकाकू पदर तोंडात धरून भिंतीशी बसली. आणि भिवरा? तिला रडूही येईना. हे सगळं आपण मागितलं, हे तिला एकटीला माहीत होतं.

*

पुनवेच्या संध्याकाळी चंद्र डोंगराच्या खांद्यावर आला तेव्हा भिवरा कोरांटीच्या जाळीपाशी उभी होती. चंद्रही त्या दिवशी धुक्यात मळकट दिसत होता. निळी कळी उमलली आणि परी बाहेर आली. पंखांतून चांदीची बारीक बारीक फुलं झरत होती.

"ये भिवरा. आज तुझा वर. बोल, कुणाला घरी आणू?"

सारवलेलं घर तिच्या डोळ्यांपुढे होतं. दार उघडतंय, बाबा वाकून आत येतोय, त्याच्या खांद्यावर घोंगडं आहे. तोंड उघडायचं आणि एवढंच सांगायचं होतं. गोदाआजी पडली तर तिची हाक तरी ऐकू येईल, असंही तिने मनाशी म्हणून पाहिलं. पण येसूआजी पडली तर? तिच्या छपरातूनही धूर येतच राहील.

"परीताई," ती म्हणाली, "पयला वर परत घ्या."

परीचा प्रकाश एकदम मंद झाला. "पुन्हा पेज शिजवावी लागेल. पुन्हा तुझे हात भाजतील. आणि तुझे बाबा..."

"ठाऊक हाय मला," भिवरा म्हणाली. आता मात्र तिला रडू फुटलं. हुंदके देत देत ती बोलली, "आबा दाराकडं तोंड करून पडलं व्हतं. मीबी तशीच झोपती."

परी पुढे आली. तिने आपल्या इवल्याशा हाताने भिवराच्या गालावरचं पाणी टिपलं. देता आला असता तर तिने तिसरा वर दिला असता, पण परीलाही नियम असतातच. ओढ्यापलीकडच्या चुली एकेक करून विझल्या. शेवटचा विझला तो आबांच्या रिकाम्या घरातला जाळ.

*

दुसऱ्या दिवशी गावात कुरकूर झालीच. मिळालेलं गेलं की माणूस कुरकुरतं. पण कृष्णाकाकू घरोघर गेली, दारातल्या मडक्यात हात घालून बघितला आणि जिथे मूठ नव्हती तिथे अशी काही उभी राहिली की ती बाई मुकाट्याने आत जाऊन नाचणी घेऊन आली. चावडीपुढे पुन्हा धूर झाला.

राघूआबांची अर्धी राहिलेली टोपली भिवराने स्वतः विणून पुरी केली. वाकडीतिकडी झाली, पण कडीच्या चिंध्या आबांच्याच होत्या. आता ती निखारे ठेवून लगेच निघायची नाही. थोडं बसायची. बाबाची वाट मात्र ती पहिल्यासारखी बघेना. आपल्याच तोंडाने त्याला परत पाठवल्यासारखं तिला वाटायचं, आणि हे सांगायचं कुणाला?

थंडी अशी पडली की ओढ्याच्या काठावरचं गवत पांढरं झालं. भिवराला खोकला झाला. तिने तो कुणाला दाखवला नाही. एका संध्याकाळी येसूआजीच्या चुलीत तिने जरा जास्तच निखारे ठेवले आणि घरी आली तेव्हा टोपलीत नुसती राख होती. ती तशीच घोंगडी घेऊन पडली. सकाळ झाली ती तिला कळलीच नाही. अंग तापाने जळत होतं आणि दात थंडीने वाजत होते.

गाव उठलं. तोंड धुताधुता सगळ्यांनी ओढ्यापलीकडे पाहिलं. तिकडच्या छपरांतून धूर निघत होता. सगळं ठीक होतं. आपल्या अलीकडच्या काठावर, गावाच्या टोकाला एक छप्पर बिनधुराचं आहे, ते कुणाच्याच नजरेत आलं नाही. तिकडे बघायची सवयच कुणाला नव्हती.

पण ओढ्यापलीकडून बघितलं, तर पहिलं दिसायचं ते भिवराचंच घर. येसूआजी दारात आली, तिने हात कपाळावर आडवा धरला आणि बराच वेळ बघत राहिली. मग ती गोदाआजीच्या दाराशी जाऊन काठी आपटू लागली.

"पोरीच्या घरात धूर न्हाई!"

"काय म्हंतीस?"

"धूर न्हाई, धूर!" येसूआजीने बोट दाखवलं. तेवढं गोदाआजीला कळलं.

दोघींनी फुटक्या खापरात आपापल्या चुलीतले निखारे भरले आणि निघाल्या. भिवरा जी वाट उड्या मारत जायची, त्या वाटेला त्यांना सकाळ पुरली नाही. दहा पावलं चालायचं आणि थांबायचं. ओढ्यातल्या दगडांवर शेवाळ होतं. मधल्या दगडावर गोदाआजीचा पाय घसरला, येसूआजीने तिचा दंड धरला, दोघी सावरल्या, पण खापरात पाणी उसळलं. चर्र असा आवाज झाला. निखारे काळेठिक्कर पडले.

तरी त्या मागे फिरल्या नाहीत. भिवराच्या घरात शिरल्या. येसूआजीने तिच्या कपाळावर हात ठेवला, गोदाआजीने स्वतःचं लुगड्यावरचं धडुतं सोडून तिच्या पायांवर टाकलं. मग येसूआजी चुलीपुढे बसली आणि त्या मेलेल्या कोळशांवर फुंकर घालू लागली. फुंकर घालून घालून तिला धाप लागली. उभ्या जन्मात कुणापुढे डोळ्यांतून पाणी न काढलेली ती म्हातारी रडायला लागली.

"येवढ्या लांबनं आणला गं," ती म्हणत होती, "येवढ्या लांबनं आणला."

भिवराने तापातच डोळे उघडले. चुलीच्या कडेवर कोरांटीची परी बसली होती. पिवळी, निळी, शेंदरी, सोनेरी. ओंजळीत तिने काहीतरी जपून धरलं होतं.

"वर दोन्ही गेले, भिवरा," परी हलकेच म्हणाली. "पण पहिल्या संध्याकाळी तू मला एक निखारा दिला होतास. तो वर नव्हता, तो तुझाच होता. दिव्यात मी आजवर जपला."

तिने ओंजळ चुलीत रिती केली. जाळ भडकला, घरभर कोवळा सोनेरी उजेड पसरला. भिंतीवर, घोंगडीवर, दोन म्हाताऱ्यांच्या सुरकुतलेल्या चेहऱ्यांवर दवाचे मणी चमकावेत तशी चमचम झाली. त्या उजेडातच परी विरघळत गेली. तिचे पंख दिसेनासे झाले, मग झगा, मग हसू. उरला तो चुलीतला साधा लाल जाळ.

"पेटलं बाई एकदाचं," येसूआजी डोळे पुसत म्हणाली. तिला वाटलं, आपलीच फुंकर लागली.

भिवराच्या छपरातून धूर निघाला तो कृष्णाकाकूने पाहिला, आणि तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं की आज सकाळपासून तो नव्हता. ती हातातली पळी टाकून पळत आली. दारातूनच तिला आत दोन भिजलेल्या म्हाताऱ्या दिसल्या.

"आम्ही समदी पलीकडं बघत व्हतो," एवढंच तिला बोलता आलं.

भिवरा बरी झाली. बाबा काही आला नाही. तो कधीच आला नाही, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. धुकेवाडीवरचं धुकंही तसंच राहिलं. पण त्यानंतर सकाळी गाव उठलं की लोक नुसते ओढ्यापलीकडे बघायचे नाहीत, मान सगळीकडे फिरवायचे, आणि धूर दिसला तरी कुणीतरी दारापर्यंत जाऊन हाक मारून यायचं.

हिंडूफिरू लागल्यावर पहिल्याच संध्याकाळी भिवरा विस्तव घेऊन निघाली. निखारे कुणाकुणाकडे न्यायचे ते सांगताना कृष्णाकाकूने येसूआजीचं नाव घेतलं नाही, ते भिवराच्या ध्यानात आलं नाही. येसूआजीचं दार तिला बंद दिसलं, तिने ते घाईने लोटलं. आत चूल सारवून ठेवलेली होती, आजीचं कपड्यांचं गाठोडं नव्हतं. गोदाआजी काहीच सांगेना, नुसती मोठमोठ्याने हसत राहिली. भिवरा टोपली घेऊन ओढ्यावरून धापा टाकत परत आली. आपल्या घराशी पोचली तर दाराच्या फटीतून उजेड येत होता.

तिने दार ढकललं.

"आलीस का गं?" चुलीपुढून येसूआजी म्हणाली. "का मधीच चिंचा पाडीत बसली व्हतीस?"

ही गोष्ट मी इथे चुलीपाशी ठेवते. ज्याच्या घरात गारठा असेल त्याने उचलून न्यावी, आणि जाताना शेजारच्या दारात एक हाक मारावी.